त्रिरश्मीच्या पायथ्याशी सुरू होणारी सहल: एक परीक्षण

नाशिकमधील एका छोट्या गटाने गेल्या काही महिन्यांपासून ‘प्राचीन संस्कृतींची देवाणघेवाण’ या विषयावर अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित सहल सुरू केली आहे. सकाळी त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी, मग न्याहारी आणि त्यानंतर गंगापूर रोडवरच्या एका लहान सभागृहात नाण्यांच्या प्रतिकृती हाताळण्याचे सत्र, असा तिचा आराखडा आहे. माणशी नऊशे रुपये घेतात. मी पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इतिहासाच्या पुस्तकांत रमलो, त्यामुळे पत्नीसह मी या सहलीला मोठ्या अपेक्षेने गेलो. परतताना समाधान बरेच होते आणि तक्रारीही होत्या. गटाचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारींपैकी काही माझ्या मताच्या आहेत आणि त्यांचे बस्तान अजून बसायचे आहे.

सकाळी साडेसहाला मुंबई-आग्रा महामार्गालगत, फाळके स्मारकाच्या बाजूला जमायचे असते. आम्ही चौदा जण होतो. मार्गदर्शक इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत होते, मीही तेच म्हणेन. त्यांच्या मदतीला एक तरुण सहकारी होता. सुमारे दोनशे पायऱ्या चढून वर गेल्यावर सरांनी पहिली चांगली गोष्ट केली, ती म्हणजे लेण्यांच्या क्रमाने न जाता थेट दहाव्या लेण्यापाशी नेले. चोवीस लेणी एकामागून एक दाखवत गेले की तिसऱ्या-चौथ्यापर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, हा अनुभव कोणत्याही शालेय सहलीला गेलेल्या माणसाला असतोच.

दहावे लेणे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतील क्षहरात वंशाचा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने खोदवले. क्षत्रप हा शब्द मुळात इराणी, प्रांताच्या अधिकाऱ्यासाठीचा. उषवदात स्वतःला शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या टोळ्यांपैकी, म्हणवतो. त्याचे दान बौद्ध भिक्षूंना आहे आणि त्याच शिलालेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायींचा आणि गावांचाही उल्लेख आहे. येथपर्यंतचे बहुतेक माहितीपुस्तिकांत सापडते. सरांनी मात्र बोट ठेवले ते रकमांवर. उषवदाताने ३००० कार्षापणांची (कार्षापण हे तेव्हाचे नाणे) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला कधीही हात न लावता केवळ व्याज वापरायचे अशी कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. हिशेब पैचाही फरक न पडता जुळतो. माझ्या उभ्या कारकिर्दीत मी इतके नेटके ठेवपत्र क्वचितच पाहिले असेल, आणि हे तर कातळावर कोरलेले आहे. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला, असेही त्यात लिहिलेले आहे.

या ठिकाणी सरांनी एक गोष्ट दाखवली, जी मी आधी दोनदा येऊनही पाहिली नव्हती. लेखात रक्कम आधी शब्दांत येते आणि लगेच अंकांत येते: ‘तीन हजार’ आणि पुढे ३००० चे चिन्ह, नारळाच्या झाडांचे दान ‘आठ हजार’ आणि पुढे ८०००. धनादेशावर आपण जे करतो तेच. पुढे ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे आणि त्याची किंमत ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने २००० सुवर्ण अशी दिली आहे. हे सोन्याचे नाणे रोमन होते की कुषाण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गोदेकाठच्या एका गावातील व्यवहारात रुपे आणि सोने यांच्या विनिमयाचा दर लिहून ठेवावा लागत होता, एवढे निश्चित. याच लेखांत उषवदाताने भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे धर्मशाळा बांधल्याचे आणि तापी, दमण, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे सांगितले आहे. म्हणजे भडोच आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून घाट चढून येणारा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याच सुमाराच्या एका ग्रीक भाषेतील नाविक मार्गदर्शिकेत भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तेथून तेर आणखी दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. आयातीच्या यादीत इटलीची द्राक्षमदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि काच आहे, तर निर्यातीत हस्तिदंत, सुती कापड आणि पिंपळी. मदिरेचे नाव येताच आमच्यातील एका तरुणाने ‘म्हणजे तेव्हा नाशिकला वाइन बाहेरून येत होती’ असे म्हटले आणि सगळे हसले. सरांना विनोद आवडला नाही असे वाटले, पण तो चुकीचा नव्हता.

आता तक्रार. अंकांचे हे सगळे सुंदर उलगडून दाखवल्यावर तरुण सहकाऱ्याने ८००० च्या चिन्हाकडे बोट दाखवून सांगितले की ‘जगाला शून्य दिले ते हेच’. हे साफ चूक आहे आणि नेमके येथे ते अक्षम्य आहे. कारण या लेण्यात शून्य नाही. नाशिकच्या लेखांतील अंक जगातील अंकेतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यात असतात ते वेगळ्या कारणासाठी: एक, दोन, तीन यांच्या आडव्या रेघा, दहाला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, सत्तरला वेगळे, शंभरला वेगळे, हजाराला वेगळे. आठ हजार लिहायचे म्हणजे हजाराच्या चिन्हाला आठाचे चिन्ह जोडायचे. सत्तर हजार म्हणजे त्याच हजाराला सत्तराचे. स्थानावरून किंमत ठरत नाही, म्हणून रिकाम्या स्थानाची गरजच पडत नाही. स्थानमूल्याची पद्धत आणि शून्य त्यानंतर काही शतकांनी रुळले. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्यासह गणिताचे नियम दिले, आणि ग्वाल्हेरच्या ८७६ सालच्या लेखात वाटोळे शून्य आजच्यासारखे दिसते. त्रिरश्मीवर दिसते ती त्याच्या आधीची पायरी. ही पायरी दाखवता येणे हे या जागेचे भाग्य, आणि तिच्यावर नसलेले शून्य चिकटवणे म्हणजे तिचे महत्त्व पुसणे.

सोबत दिलेल्या छापील पुस्तिकेतही एक वाक्य आहे, की अरबांनी आपले अंक घेऊन स्वतःच्या नावावर खपवले. अरबी जगात या अंकांना ‘हिंदी अंक’ असेच म्हटले जाते. ‘अरबी अंक’ हे नाव युरोपाने दिले, कारण युरोपाला ते अरबांकडून मिळाले. आठव्या शतकात बगदादला संस्कृत ज्योतिषग्रंथांचे भाषांतर झाले, नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले, त्याचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले, आणि १२०२ साली पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, आपल्या पुस्तकाच्या आरंभीच हे ‘भारतीयांचे नऊ अंक’ आहेत असे लिहिले. एवढे उघड श्रेय मिळूनही चोरीचा कांगावा कशाला? याच वाटेवर एक गमतीची गोष्ट घडली, ती पुस्तिकेत असायला हवी होती. आर्यभटाच्या गणितातील ‘ज्या’, म्हणजेच ‘जीवा’, अरबीत ‘जीब’ अशी गेली. अरबीत स्वर लिहीत नसल्याने पुढे ती ‘जैब’ म्हणजे वस्त्राची कुशी अशी वाचली गेली. लॅटिन भाषांतरकाराने त्याचा शब्दशः ‘सायनस’ केला, आणि आमच्या नातीच्या दहावीच्या पुस्तकात तोच ‘साइन’ म्हणून परत आला. हिंदीत खिशाला ‘जेब’ म्हणतात, तो शब्दही त्याच अरबी ‘जैब’चा.

तिसऱ्या लेण्यात सर पुन्हा पूर्ण रंगात होते. हे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचे लेणे. तिचा नातू राजा पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीच्या तिच्या लेखात मुलाचे वर्णन शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पल्हव (म्हणजे पार्थियन) यांचा संहार करणारा आणि क्षहरात वंश निःशेष करणारा असे आहे. सरांनी ते ओळीने वाचले, अर्थ सांगितला, आणि काही न बोलता आम्हाला सतराव्या लेण्यापाशी नेले. तेथील लेख असे सांगतो की उत्तरेकडचा, दात्तामित्री येथील योणक, म्हणजे ग्रीक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने हे लेणे, त्यातील चैत्यगृह आणि पाण्याची टाकी आईवडिलांप्रीत्यर्थ, मुलगा धम्मरक्खित याच्यासह करवली. नाव इंद्र आणि अग्नीचे, मुलाचे नाव धर्माने राखलेला, आणि ओळख मात्र योणक. एकाच डोंगरावर यवनांचा संहार करणाऱ्याची प्रशस्ती आणि यवनाने दिलेले दान, दोन्ही आहेत. सरांनी यावर भाष्य केले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

खांबांविषयी मात्र त्यांनी घाई केली. दहाव्या लेण्याच्या ओसरीतील खांबांच्या शिरावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. ही मांडणी इराणच्या पर्सेपोलिस येथील हखामनी राजघराण्याच्या राजवाड्यातील बैलांच्या खांबांची आठवण करून देते, जो सिकंदराने इसवी सनपूर्व ३३० मध्ये जाळला. मधला दुवा अशोकाचे स्तंभ. पण इराणातील तो बैल येथे घटाकृती शिरावर, पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर येऊन बसतो आणि पुरता देशी होतो. पाच मिनिटे थांबले असते तर हे सगळ्यांना दिसले असते. आम्ही दीड मिनिट थांबलो.

त्याऐवजी जो वेळ गेला तो ओदयंत्रिकांवर, आणि त्याबद्दल तक्रार नाही. दहाव्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनातील श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्या श्रेणींत कुंभार आहेत, तेली आहेत आणि ओदयंत्रिक आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रे बनवणारे किंवा चालवणारे. कोणती यंत्रे, हे लेख सांगत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी त्या शतकांत पाणी उपसण्याची चाके फिरत होती हे माहीत आहे. पण गोदावरीच्या काठी या लोकांची एक श्रेणी होती आणि तिच्याकडे पैसे ठेवण्याइतकी तिची पत होती, एवढेच हा दगड सांगतो, आणि सर तेवढ्यावरच थांबले. दुसऱ्या एखाद्या मार्गदर्शकाने येथे प्राचीन जलविद्युत प्रकल्प उभा केला असता.

न्याहारीला मिसळ होती. गरम होती, पाव ताजा होता, आणि काळ्या मसाल्याचा तिखटपणा साठीच्या पुढच्या माणसांसाठी विचारून कमी करून मिळाला. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

नाण्यांचे सत्र हा या सहलीचा सर्वोत्तम भाग आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा साठा सापडला, आणि त्यातील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. त्या नाण्यांच्या प्रतिकृती प्रत्येकाच्या हातात एक, सोबत भिंग, आणि वीस मिनिटे कोणीही काही सांगणार नाही, स्वतः शोधायचे, अशी ही पद्धत. प्रथम काहीच दिसत नाही. मग हळूहळू तीन कमानींचा डोंगर आणि चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह यांच्या खालून एका चेहऱ्याचे नाक आणि ओठ वर येऊ लागतात. कडेला ग्रीक अक्षरे दिसतात. ती ग्रीक अक्षरे आहेत, भाषा मात्र प्राकृत आहे: राजा क्षहरात नहपान. दुसऱ्या बाजूला तेच ब्राह्मी आणि खरोष्ठीत. खरोष्ठी ही अरामी लिपीपासून घडलेली, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. वजनमाप हिंद-ग्रीकांच्या द्राख्म या नाण्यावरून आलेले. त्या द्राख्माचे द्रम्म झाले आणि द्रम्माचे दाम. सावकारीतील ‘दामदुप्पट’ हा शब्द मी नोकरीत असताना शेकडो वेळा वापरला. त्यात एक ग्रीक नाणे दडलेले आहे हे तेव्हा ठाऊक असते तर निदान कर्जदारांना सांगितले असते.

सरांनी येथे एक प्रश्न विचारला: जिंकलेल्या शत्रूची नाणी वितळवायची सोडून त्यांच्यावरच छाप का मारला? एका मुलीने उत्तर दिले की भट्टीचा खर्च वाचतो. मला वाटते, ते खरेच आहे, पण आणखीही आहे. हे नाणे बाजाराने स्वीकारलेले होते, त्याचे वजन आणि रुपे लोकांच्या ओळखीचे होते. राजा बदलला तरी विणकरांच्या श्रेणीला तेच नाणे हवे होते. पुढच्या पिढ्यांत सातवाहनांनी स्वतःच राजमुख असलेली चांदीची नाणी पाडली, म्हणजे ज्याचा वंश निःशेष केला त्याचीच कल्पना उचलली. चलनाच्या बाबतीत विजेत्याला पराभूताचे अनुकरण करावे लागते, हे मला नोटाबंदीच्या दिवसांत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून जितके कळले तितके कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते.

ज्यांना हा भाग आवडेल त्यांनी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथील मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे नाणेसंग्रहालय अवश्य पाहावे. सहलीत ते समाविष्ट नाही आणि असायला हवे होते.

शेवटी माझी सर्वांत मोठी तक्रार, आणि ती वगळलेल्या गोष्टीबद्दल आहे. नाशिकमध्ये देवाणघेवाणीवर पाच तास बोलायचे आणि सिंहस्थाचे नाव काढायचे नाही, हे कसे? २०१५ नंतरचा सिंहस्थ आता येऊन ठेपला आहे, शहरात रस्ते खोदून ठेवलेले आहेत, आणि ज्या योगावर तो ठरतो तो गुरू सिंह राशीत येण्याचा. वेदांगांच्या परंपरेत नक्षत्रे आहेत. बारा राशींचे चक्र बाबिलोनमध्ये इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास घडले, ग्रीकांनी ते घेतले आणि त्यांच्यामार्फत ते आपल्याकडे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आले. ‘होरा’, म्हणजे तास, हा शब्द ग्रीक, ‘केंद्र’ ग्रीक, पत्रिकेतील सातव्या स्थानाचे ‘जामित्र’ हे नावही ग्रीक. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराला याचा संकोच नव्हता. त्याने एकत्र केलेल्या पाच सिद्धांतांत, म्हणजे ज्योतिषग्रंथांत, एक रोमक आणि एक पौलिश आहे, आणि यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेले असल्याने ते ऋषींसारखे पूज्य आहेत असे त्याने लिहून ठेवले.

वारांचेही तसेच. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा मंद गतीपासून शीघ्र गतीचा क्रम घेऊन प्रत्येक होरेला एक ग्रह लावत गेले की चोवीस होरांनंतर पंचविसाव्या होरेला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या होरेला, चौथा ग्रह येतो: शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. आपल्या आठवड्याचा क्रम यातून निघाला. आणि याचा पुरावा दाखवायला त्रिरश्मीइतकी चांगली जागा दुसरी नाही. बलश्रीच्या लेखाची तारीख पाहा: वर्ष एकोणीस, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, दिवस तेरावा. वार नाही, रास नाही. भारतातील वाराचा प्रसिद्ध जुना उल्लेख मध्य प्रदेशातील एरणच्या ४८४ सालच्या लेखात येतो, गुरुवारचा. म्हणजे या डोंगरावरील दगड एका अशा क्षणी थांबलेले आहेत जेव्हा आपल्याकडे वार अजून आलेले नव्हते आणि आपल्याकडून शून्य अजून गेलेले नव्हते. जे आहे ते दाखवणारे मार्गदर्शक पुष्कळ मिळतात; येथे जे नाही ते दाखवण्याची संधी होती.

मी हे सरांना चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोललो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “साहेब, पहिल्या दोन फेऱ्यांत मी राशींचे सांगत होतो. दोन्ही वेळा वाद झाला आणि लेणी राहून गेली.” त्यांची अडचण मला समजते. तरी माझे मत असे आहे की शून्य आपले असल्याचे ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांना राशी बाहेरून आल्याचेही ऐकण्याची सवय एकदा लावावीच लागेल. सरांसारखा माणूस ती लावू शकतो, त्यांच्या सहकाऱ्याकडून ती अपेक्षा नाही.

व्यवहाराच्या काही बाबी. पायऱ्यांवर वृद्धांसाठी थांबे घेतले जातात, पण ते मागावे लागतात. लेण्यांच्या आत अंधार असतो आणि अक्षरे तिरक्या उजेडातच उठून दिसतात. गटाकडे एकच विजेरी होती, चौदा माणसांत ती अपुरी पडली, म्हणून आपली आपण न्यावी. पाणी वर मिळत नाही. पुस्तिकेतील लेखांचे मूळ पाठ आणि अर्थ उत्तम आहेत, पण अंकांवरचे पान पुढच्या छपाईत बदलावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे आणि ‘विचार करतो’ असे उत्तर आले आहे. रविवारी लेण्यांत गर्दी आणि गोंगाट फार असतो, त्यामुळे शक्य असल्यास शनिवारची फेरी घ्यावी आणि दहाव्या लेण्यापाशी पोहोचल्यावर इतर पुढे गेले तरी दहा मिनिटे मागे राहून तो दोनशे चाळीसचा हिशेब स्वतः एकदा करून पाहावा.